सही तात्यांची, चोरी सचिवाची

पत्र

आदरणीय काका,

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत तीन वर्षं संचालक आहे. वय ३४. आमच्याकडे १४० जण दूध घालतात. गेल्या महिन्यात घोटाळा बाहेर आला. सचिवानं एका माणसाच्या नावावर खातं चालवलं होतं. त्या माणसाकडं जनावरच नाही, तरी त्याच्या नावावर रोज २५ ते २८ लिटर गाईचं दूध पडत होतं, सलग २२ महिने. आमच्या अंदाजानं पावणेसहा लाखांच्या आसपास रक्कम जाते. दूध आमच्याच किटल्यांतलं, काट्यावर थोडं थोडं कापलेलं. सचिवाला निलंबित केलंय. 'सचिवाच्या गैरव्यवहाराची चौकशी' असा ठराव करून तिघांची समिती नेमलीय, त्यात मी पण आहे.

अध्यक्ष माझे सख्खे चुलते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. १९ वर्षं अध्यक्ष आहेत आणि एका पैशाला हात लावलेला नाही, हे विरोधी पार्टीही कबूल करते. २०१९ च्या पुरात त्यांनी उभं राहून दोनशेवर जनावरं हलवली, त्यांचा सत्कार झाला होता. माझे वडील लवकर गेले, माझं शिक्षण तात्यांनीच केलं. आता गावातली पोरं म्हणतायत, शास्त्रीजींनी राजीनामा दिला, आर. आर. आबांनी दिला, तात्यांना काय झालं? तात्या म्हणतात, "चोरी मी केली न्हाई. चोर सोडून संन्याशाला फाशी का?" एक विधवा मावशी माप कमी येतंय म्हणून दोनदा तात्यांकडं गेल्या होत्या. "सचिव बघतील" म्हणून त्यांना परत पाठवलं, हे आता जो तो सांगतोय.

सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. मला बोलावं लागणार. घर धरू की गाव? मुलगा समजून सांगा.

एक संचालक

उत्तर

मुलगा समजून सांगा म्हणालास, तर अरेतुरेच करतो. आणि नात्याचं नंतर बघू, आधी दुधाचं बोलू. ३१ वर्षं सहकार खात्यात लेखापरीक्षण केलं, त्यातली निम्मी दूध संस्थांच्या दप्तरांवर गेली. मला अजून झोपेतसुद्धा दहा दिवसांची बिलं दिसतात.

तुझ्याकडे १४० उत्पादक. प्रत्येकाचं माप फक्त १०० मिलीनं कमी दाखवलं तर सकाळचे १४ लिटर आणि संध्याकाळचे १४ लिटर, दिवसाचे झाले २८. तुझ्या पत्रातला आकडा तोच आहे. म्हणजे सचिवाला अक्कल फार लागलेली नाही, धीर तेवढा लागला. काटा १०० मिलीच्या पुढचं दाखवतच नसेल तर चार लिटर १९० मिली दूध पावतीवर ४.१ येतं आणि वरचे ९० मिली कुणाचेच राहत नाहीत. दुसरी एक जागा त्याहून आत असते. एक लिटर दूध साधारण एक किलो ३० ग्रॅम भरतं. लिटर दाखवणारा काटा खरं तर किलो मोजतो आणि त्या हिशेबानं भागून लिटर सांगतो. त्या भागाकारात कुणी हात घातला तर समोर किटली धरून उभ्या असलेल्या बाईला काहीही दिसत नाही, आकडा तर हिरवागार चमकत असतो. फॅट मोजायला घेतलेलं सॅम्पलचं दूध कुठं जातं, तेही एकदा विचारून घे.

आता चोरी लपली कशी ते बघ. सभासदांकडून घेतलेलं दूध आणि पुढं दूध संघाला गेलेलं दूध कधी अगदी सारखं नसतं. सांडतं, फेसावतं, कॅनला चिकटतं. कधी घट येते, कधी वाढावा, म्हणजे घेतल्यापेक्षा जास्त भरलेलं दूध. माप कापलं तर वाढावा फुगतो आणि वाढावा फुगला की तपासणीला आलेला माणूस विचारतो, हे दूध कुठून आलं बाबा? तुझ्या सचिवानं तो वाढावा एका माणसाच्या नावावर घालून टाकला. दप्तर लिटरला लिटर जुळलं. माझं सांगतो, वाढाव्याच्या रकान्यात महिनोन्‌महिने शून्य दिसलं की मी चष्मा काढून पुसायचो आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचो.

हे एवढं लांबण लावलं, कारण तात्यांना कळणं शक्य होतं का, याचं उत्तर याच कागदांत आहे. दर दहा दिवसांनी बिल निघतं. नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), रक्कम. खाली सचिवाची सही, शेजारी अध्यक्षांची. महिन्याला तीन बिलं, २२ महिन्यांची ६६. म्हणजे ते नाव तात्यांच्या पेनाखालून ६६ वेळा गेलं. मी परका माणूस, मला ते नाव वाचून काही कळलं नसतं. तात्या त्या गावात जन्मले. कुणाची गाय आटली आणि कुणाची म्हैस विकली, हे पारावर बसल्या बसल्या सांगणारा माणूस. ज्याच्या गोठ्यात शेण पडत नाही त्याच्या नावावर रोज २५ लिटर, म्हणजे निदान दोन चांगल्या संकरित गाईंचं दूध. ते तात्यांना खटकलं नाही, कारण त्यांनी वाचलंच नाही. प्रामाणिक माणसं पुष्कळदा अशीच सही करतात. स्वतःच्या मनात पाप नसलं की दुसऱ्याच्या मनात असेल असं वाटत नाही. गुण म्हणून हा मोठा आहे, मान्य. फक्त संस्थेला तो २२ महिने महाग पडला.

तात्यांची संन्याशाची म्हण मला आवडली. पण या संन्याशानं १९ वर्षं मठाच्या किल्ल्या कमरेला लावल्या होत्या.

पुराची गोष्ट तूच लिहिलीस, म्हणून तीच घेतो. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तुमच्याकडे काय झालं असेल त्याची मला कल्पना आहे. पण दोनशे जनावरं तात्यांनी एकट्यानं हलवली नाहीत. गावच्या तरण्या पोरांनी छातीभर पाण्यातून दावी ओढली असतील, कुणी ट्रॅक्टर दिला असेल, कुणी वैरण. हार तात्यांच्या गळ्यात पडला आणि कुणाची तक्रार नव्हती, असूही नये. उभं राहून करवून घेणाऱ्याचं ते श्रेय असतंच. मग त्याच हाताखालच्या माणसांनी पुढं काट्यावर हात मारला, तेव्हा "मी केलं न्हाई" कसं चालेल? पुरातही त्यांनी स्वतः केलं नव्हतं.

हाताखालच्या माणसांच्या कृत्याबद्दल वरच्याला कितपत धरायचं, हा वाद गावापुरता नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी फिलिपिन्समध्ये जपानी सैन्यानं जे अत्याचार केले, त्याबद्दल तिथले सेनापती यामाशिता यांच्यावर अमेरिकन लष्करी आयोगापुढे खटला चालला आणि २३ फेब्रुवारी १९४६ ला त्यांना फाशी झाली. त्यांचा बचाव असा होता की मी डोंगरात, संपर्क तुटलेला, मनिलात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी निकालाशी असहमती लिहून ठेवली आणि माझंही मन त्या दोघांकडं झुकतं. नुसतं पद होतं म्हणून माणसाला लटकवणं हा न्याय नव्हे. पुढे १९९८ च्या रोम करारात यावर नेमकी भाषा आली. लष्करी अधिकाऱ्याला माहीत होतं का, किंवा त्या परिस्थितीत माहीत व्हायला हवं होतं का, आणि गुन्हा रोखायला किंवा गुन्हेगाराला पुढं करायला त्यानं हातातलं सगळं केलं का.

चोरीची तुलना कत्तलीशी करतोय असं समजू नकोस. कसोटी तेवढी उचलतोय. संपर्क तुटला होता, असं यामाशितांना म्हणता तरी आलं. तात्यांचं घर डेअरीपासून किती पावलांवर आहे रे?

आणि मावशी. तुझ्या पत्रात त्या शेवटाला एका ओळीत आल्यात. माझ्या दृष्टीनं सगळं प्रकरण तिथंच आहे. मावशी पहिल्यांदा येईपर्यंत तात्यांचा दोष दुर्लक्षाचा होता, आणि दुर्लक्षाला मी तरी फार कठोर होत नाही. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी दहा कागदांवर सह्या करणारा माणूस चुकतो. पण एक बाई चालत घरी आली, माप कमी येतंय म्हणाली, आणि तात्यांनी सचिवाविरुद्धची तक्रार सचिवाकडंच पाठवली. ती परत आली, तिला पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवसापासून 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य तात्यांना वापरता येत नाही. त्यांना सांगितलेलं होतं.

त्यात अजून एक गोष्ट आहे, जी सभेत कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून सांगून ठेवतो. सगळ्यांचे सारखे १०० मिली कापले, म्हणजे सगळ्यांचं नुकसान सारखं झालं असं नाही. वीस लिटर घालणाऱ्याला १०० मिली म्हणजे काहीच नाही, त्याला पत्ताही लागला नसेल. मावशींची एक गाय असेल, वेळेला तीन लिटर. त्यातले १०० मिली गेलेले तिला जाणवले. म्हणून तक्रार तिचीच आली, आणि तीच परत गेली. दिवसाचे २०० मिली, २२ महिने, ३२ रुपयांचा भाव धरला तरी चार हजारांच्या वर जातात. दिवाळीच्या फरकाची वाट बघणाऱ्या घरात चार हजार काय असतात ते तुला मी सांगायला नको.

आता राजीनामा. पोरांनी दोन नावं घेतली, दोन्ही नीट बघू.

शास्त्रीजी रेल्वेमंत्री असताना १९५६ मध्ये आधी महबूबनगरजवळ अपघात झाला. त्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी तो परत केला. नोव्हेंबरात अरियालूरला दुसरा मोठा अपघात झाला, तेव्हाचा मात्र स्वीकारला. स्वीकारताना नेहरूंनी शास्त्रीजी दोषी आहेत असं म्हटलं नाही. घटनात्मक औचित्य म्हणून, पायंडा म्हणून स्वीकारतो, असा त्यांचा सूर होता. तात्यांनी यातून एवढंच घ्यावं की इंजिन मी चालवत नव्हतो, हा मुद्दा शास्त्रीजींनी काढलाच नाही.

आबांबद्दल आपल्या भागात वाकडं बोलणारा माणूस सापडायचा नाही, मीही बोलणार नाही. अंजनीचा साधा माणूस गृहमंत्री झाला याचा आम्हाला केवढा अभिमान होता. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर १ डिसेंबर २००८ ला त्यांनी गृहखातं सोडलं. पण आठव जरा, लोक जास्त कशानं दुखावले होते? पत्रकारांपुढं तोंडून गेलेल्या एका हिंदी वाक्यानं. माणसं मेलेली असताना वरच्यानं प्रसंग लहान करून बोललं की ऐकणाऱ्याला ते मूळ चुकीपेक्षा जास्त लागतं. तात्यांचं "चोरी मी केली न्हाई" हे त्याच जातीचं वाक्य आहे. खरं असूनही लागणारं. सभेत ते उच्चारलं गेलं तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

आणि दुसरी बाजू. आबांच्या राजीनाम्यानं रागाला उत्तर मिळालं. पोलिसांच्या यंत्रणेत कुठं काय कमी पडलं, हे शोधायला राम प्रधान समिती नेमावी लागली, ती राजीनाम्यानंतर. आबा पुढच्या वर्षी निवडणुकीनंतर त्याच खात्यात परत आले. म्हणजे राजीनामा हे एक काम आणि हिशेब हे वेगळंच काम. गावची पोरं राजीनामा मागतायत कारण तो एका संध्याकाळी मिळतो. हिशेबाला महिने लागतात आणि त्यात फटाके वाजवायला काही नसतं.

तिसरं नाव पोरांनी घेतलं नाही, पण ते तर घरचं. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे तुझ्यापासून काही लांब नाही. १९६२ ला चीनपुढे आपली दाणादाण उडाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि लष्करप्रमुख थापर यांना पद सोडावं लागलं आणि यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यापुढचं कमी ऐकतो. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडं दिली गेली. पण लष्करी मुख्यालयाचा कारभार तपासायचा नाही, ही मर्यादा त्यांना आधीच घालून दिलेली होती. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी संसदेत त्या चौकशीवर निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, सेनानींची क्षमता अशा मुद्द्यांवर ते बोलले, पण अहवाल काही बाहेर आला नाही. सरकारनं तो अधिकृतपणे आजवर प्रसिद्ध केलेला नाही. यशवंतरावांना मी मोठा माणूस मानतो, आणि सैन्य नव्यानं उभं करायचं असताना उणीदुणी चव्हाट्यावर नको, हा विचार त्यांच्या मनात असणार हेही समजू शकतो. तरी हिशेब अर्धा राहिला, असं माझं मत आहे. खंदकात कोण चुकलं ते लिहिलं गेलं. खंदक तिथं खणायला कुणी सांगितलं, हा प्रश्न चौकटीबाहेर ठेवला.

आता तुमचा ठराव पुन्हा वाच. 'सचिवाच्या गैरव्यवहाराची चौकशी.' चौकट आखूनच टाकलीत. या समितीला तात्यांच्या ६६ सह्या विचारता येणार नाहीत, मावशींना बोलावता येणार नाही, आणि संचालक मंडळ २२ महिने काय करत होतं हेही नाही.

इथं तू येतोस. पूर्ण पत्रात तू स्वतःला बाजूला उभं केलंस. तात्या, सचिव, मावशी, पोरं, आणि मध्ये धर्मसंकटात सापडलेला तू. अरे, तू संचालक आहेस, तीन वर्षं. दर महिन्याच्या सभेत 'मागील महिन्याच्या दूध खरेदीस व खर्चास मंजुरी' हा विषय आला असेल, तू हात वर केला असशील, प्रोसिडिंगवर सही केली असशील. सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा संचालक मंडळाला संस्थेच्या नुकसानीबद्दल एकत्रित आणि वैयक्तिकही जबाबदार धरतो. नुकसान निश्चित करून वसुलीची पाळी आली, म्हणजे कलम ८८ खाली प्रकरण गेलं, तर नोटीस तात्यांच्या एकट्याच्या नावानं निघेलच असं नाही. घर की गाव, हे तू मला विचारलंस. आरोपीच्या पिंजऱ्यात तुझीही खुर्ची आहे, मग चौकशी समितीत तू काय करतोयस? आधी त्यातून बाहेर पड. पुतण्या म्हणून नको, संचालक म्हणून.

हे मी उंचावरून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, मार्चअखेरीला, माझ्या हाताखालच्या एका तरुण लेखापरीक्षकानं एका संस्थेचा अहवाल माझ्यापुढं ठेवला. टेबलावर असे चाळीस होते. मी शेवटचं पान उघडलं, सही केली. वर्षभरानं त्या संस्थेत गफलत निघाली, आणि ती त्या अहवालात धडधडीत दिसत होती, दुसऱ्या पानावर. वरून विचारणा आली. मी उत्तरात लिहिलं की तपासणी संबंधित कर्मचाऱ्यानं केली होती. खोटं एक अक्षर नव्हतं. त्याची वेतनवाढ थांबली, मला पुढं बढती मिळाली. परवा विश्रामबागला भाजी घेताना तो भेटला, केस पांढरे झालेत त्याचे. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि साहेब म्हणाला. मी वांगी न घेताच घरी आलो.

म्हणून कामाचं सांगतो. सांगलीला सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्या नावानं अर्ज कर आणि संस्थेचं चाचणी लेखापरीक्षण माग. अर्जात 'पदाधिकारी व संचालक मंडळाच्या जबाबदारीसह' हे शब्द घाल, आणि खाली सही करताना तुझं पद लिही, म्हणजे तू स्वतःलाही त्यात धरतोयस हे वाचणाऱ्याला कळेल. पोच घेतल्याशिवाय उठू नको. काट्यासाठी वैधमापन खात्याच्या निरीक्षकाला बोलवा, शिक्का कधीचा आहे ते बघा, आणि निरीक्षक येईपर्यंत काट्याला कुणी हात लावायचा नाही. वजन करायला दुसरा काटा भाड्यानं आणा. तुमच्या तिघांच्या समितीनं हे काम करू नये. गावातल्या गावात झालेली चौकशी कितीही खरी असली तरी तिला वास येतो.

तात्यांकडं मात्र अर्ज द्यायच्या आधी जा. एकटा जा, धारा झाल्यावर. सभेत त्यांना पहिल्यांदा कळलं तर तू त्यांच्या पाठीत वार केलास असं होईल, आणि तसं म्हणण्यात त्यांची चूकही नसेल. राजीनामा हा शब्द काढू नको. काकू चहा ठेवतील, तो पी. मग म्हण, "तात्या, उद्या मी निबंधकाकडं अर्ज देतोय, त्यात माझं पण नाव हाय. सभेत लोकांनी विचारायच्या आधी तुम्हीच उठा. बिलं न वाचता सह्या केल्या म्हणून सांगा. मावशी आल्या व्हत्या, मी ऐकलं न्हाई, असं त्यांच्याकडं बघून सांगा. पैसे कसे आणि कधी परत करायचे तेवढं बोला. बाकी मी हाय." याहून जास्त बोलू नको. ते ओरडतील. शिक्षणाचा खर्च निघेल, तुझ्या वडिलांचं नाव निघेल. ऐकून घे, उत्तर देऊ नको, पण अर्ज मागे घेऊ नको.

तात्यांनी पद सोडावं का? सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे, पण या सभेत नाही. आज त्यांनी हार घालून निरोप घेतला तर उद्यापासून जाब विचारायला समोर कुणीच उरत नाही, आणि नवा अध्यक्ष प्रत्येक प्रश्नाला 'ते माझ्या आधीचं' म्हणेल. आज त्यांनी सह्यांचा अधिकार उपाध्यक्षांकडं द्यावा, सभेचं अध्यक्षस्थानही दुसऱ्याकडं द्यावं आणि स्वतः समोरच्या रांगेत बसून उत्तरं द्यावीत. लेखापरीक्षण पुरं झालं, प्रत्येक सभासदाचं किती देणं आहे ते ठरलं, पहिला हप्ता लोकांच्या खात्यावर पडला, की मग जावं. तेव्हा गेले तर लोक त्यांना संन्यासी म्हणतीलसुद्धा. सचिवावर फौजदारी होईलच, त्याबद्दल लिहीत बसत नाही. तो सोपा भाग आहे.

आणि तात्या नाहीच म्हणाले, तर सभेत तू उठायचंस. आधी स्वतःच्या सह्यांबद्दल बोल, मग त्यांच्या. हा क्रम चुकवू नको. तुझं म्हणणं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लाव, तोंडी राहिलं तर ते झालंच नाही. त्यानंतर काही दिवाळ्या तुला त्या घराचा फराळ येणार नाही, बायकोला आजच सांगून ठेव. तात्या म्हातारे झालेत, कदाचित बोलणं धरायला वेळही उरणार नाही. हे होणार नाही असं खोटं मी तुला सांगत नाही.

मावशींकडं मात्र कुणाची परवानगी न घेता जा. संस्थेच्या वतीनं नको, तुझ्या वतीनं. त्यांनी दुसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा तूही संचालक होतास.

आणि हो, सचिवाला निलंबित केलंय असं लिहिलंस. संगणकाचा पासवर्ड आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे, ते लिहिलं नाहीस. हे वाचणं बाजूला ठेव आणि आधी ते बघून ये.